पाव्हणे घरी, पोरगी ग्रामसभेत

नाई, पण मी म्हणतो, पोरगी पाहाले पाव्हणे येऊन बसले, पार आष्टीवरून आले बिचारे, पोहे थंडे होऊन राह्यले, आमची शकुबाई, पोरीची माय, पदर तोंडाले लावून सैपाकघरातून दारात आन् दारातून सैपाकघरात करून राह्यली, आन् ज्या पोरीले पाहाले आले ते पोरगी कुठं? तं ग्रामसभेत! आता याच्यात हासासारखं काय हाय? हासू नका राजेहो... तुमच्या घरी नाई ना सरपंच, म्हणून हासू येते तुमाले. माह्या घरी हाय. माह्या पोटची हाय. आन् तुमाले सांगतो, सरपंच होणं एकवेळ जमते, फारम भरा, हात जोडा, निवडून या... पण सरपंचाचा बाप होणं? सोपं काम नाई राजेहो, बिलकुल सोपं काम नाई!

मी रूपराव. गाव वडधरा, हिंगणीच्या अलीकडं रस्ता जंगलाकडं वळते ना, तिथं. आंधी लोक मले रूपराव म्हणत, म्हातारे रूप्या म्हणत, दोन बैल, एक म्हैस, थोडं वावर, कपाशी न् सोयाबीन, असा सुखाचा माणूस होतो मी. आता नाव गेलं! आता मी "सरपंचाचे बाबा". सकाळी तोंडात दातवण घालून आंगणात उभा राह्यलो का सुरू... "सरपंच हायेत का घरी?" नळाले पाणी नाई, या इकडं. लाईट गेली, या इकडं. सून सासूशी बोलत नाई, तरी इकडंच! मांगच्या हिवाळ्यात बोरच्या जंगलातला वाघ चिंधूच्या वावराच्या धुऱ्यावर दिसला, तं त्यानं फोन कोणाले लावला? वनखात्याले? छे! आमच्या घरी! पोरगी आंघोळीले गेलती म्हणून मी उचलला. "काकाजी, वाघ आला." म्हणलं, "मंग मी काय करू बापा, चहा ठेवू?" तं म्हणते, "नाई नाई, फक्त सरपंचाच्या कानावर घाला." आता सांगा! वाघ तिकडं उभा, हा इकडं कानावर घालून राह्यला. वाघ का माह्या पोरीची सही घेऊन आलता?

बरं, घरच्याईले काही फायदा? तोंड पाहा! खुर्चीवर बसून महिना झाला नसन, तं एक दिवस प्रेमदास आला, प्रेमदास म्हणजे ग्रामपंचायतचा शिपाई, आमच्याच खाटेवर बसला, आमचाच चहा पेला, आन् खिशातून नोटीस काढून म्हणते, "रूपरावभाऊ, इथं सही करजा." कायची नोटीस? तं माह्या म्हशीचं पाण्याचं टाकं रस्त्याच्या हद्दीत येते म्हणून! मी पोरीले म्हणलं, "अवं, हे टाकं तुह्या आजानं बांधलं." तं म्हणते, "आजानं बी रस्त्यातच बांधलं ना बाबा." संध्याकाळी जेवाले बसलो, हेच पोट्टी वाढून राह्यली, "बाबा, अजून एक भाकर देऊ का?" म्हणलं, नको, अजून एक नोटीस दे! टाकं मी फोडलं. माह्या हातानं. म्हैस दोन दिवस माह्याकडं पाहे नाई.

आन् हे काही राजकारणातलं घर नव्हे. आमच्या खानदानीत घरटॅक्स भराचा सोडून कोणी ग्रामपंचायतची पायरी चढलं नाई. सुरभी गावातल्या शाळेत शिकली, मंग बारावी हिंगणीले, मंग वर्ध्याले बी.एस्सी. केलं. हुशार होती, पण भांडकुदळ नव्हती. शांत पोट्टी. कॉलेजातून शिकून आली आन् गावच्या हिरीचं पाणी काचेच्या नळीत घालून पाह्यलं, काही थेंब टाकले, पाण्यानं रंग बदलला. तिनं महादेवरावाले सांगतलं, "काकाजी, हे पाणी पिण्यासारखं नाई, नव्या नळाची लाईन आणा." महादेवराव म्हणजे आमचे जुने सरपंच. वीस वर्षं गाव त्याईच्याच हातात. सीट महिलेची निघाली का बायको सरपंच, पण सही कुठं कराची ते महादेवरावच बोट ठेवून सांगे. तं महादेवराव हासले, म्हणे, "पोरी, आमी हेच पाणी पिऊन एवढे मोठे झालो." आता याच्यावर काय बोलणार? माणूस खरंच मोठा झालता, पोटाकडून.

मंग हे पोट्टी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करे, वर्ध्याच्या वाचनालयात बसे. फारमाले रहिवासी दाखला पायजे होता. ग्रामपंचायतमधी गेली, तं सरपंचबाई माहेरी. परत गेली, तं महादेवराव वावरात. परत गेली, तं "उद्या ये ना बाप्पा, दाखला का पळून चालला?" दाखला नाई पळाला. तारीख पळाली. फारम गेलं. त्या दिवशी घरी आली, मले वाटलं रडन, मी पाण्याचा गिलास घेऊन उभा. रडली नाई. म्हणे, "बाबा, ग्रामपंचायतमधी ते मोठी खुर्ची हाय ते कोणाची?" म्हणलं, "सरपंचाची." "मंग सरपंच त्याच्यावर काऊन नाई बसत?" आता मी काय सांगू? माह्यं सारं आयुष्य त्या खुर्चीसमोरून गेलं, मले असा प्रश्न पडलाच नाई कधी, खरं सांगतो.

निवडणूक आली, परत महिलेची सीट, हिनं फारम भरलं. महादेवराव घरी आले, "रूपराव, समजावा पोरीले, हसं होईन." मी समजावलं. खोटं काऊन बोलू, तीन-चार बार समजावलं. पण पलीकडच्या पुऱ्यातल्या, म्हणजे तिकडच्या वस्तीतल्या, जिजाबाईनं, बचत गटाची अध्यक्ष हाय ते, बाया गोळा केल्या, घरोघरी फिरल्या, आन् सव्वीसाव्या वर्षी माह्यी पोरगी सरपंच! गुलाल उधळला, मले खांद्यावर घेतलं, मी खांद्यावरून खाली पाहून राह्यलो, आन् त्याच वेळेस माह्या मनात आलं, रूपराव, आता खाली उतरणं कठीण हाय. सोपं काम नाई राजेहो, सरपंचाचा बाप होणं सोपं काम नाई!

आता ग्रामसभेचं सांगतो, नाईतं तुमाले पुढचं समजणार नाई. आमच्या गावात ग्रामसभा कशी होये? तं होयेच नाई! कायद्यानं ठरलेली माणसं बसली तं सभा, त्याले कोरम म्हणते. माणसं नाई आली तं सभा तहकूब. आन् गंमत अशी का तहकूब झालेली सभा अर्ध्या घंट्यानं परत भरते, तवा कोरम लागतच नाई! मंग काय... महादेवरावाईचं राज्य याच्यावरच चाललं. दवंडी अशी देत का कोणाले आयकूच जाऊ नये. माणसं येत नसत, सभा तहकूब, सारे चहा पेत, अर्ध्या घंट्यानं महादेवराव, त्याईचा साळा आन् दोन-चार खासमखास बसत, आन् वर्षाचे सारे ठराव पास! नळाची लाईन येते आन् महादेवरावाईच्या आंगणात येऊन सरते. पलीकडच्या पुऱ्यातल्या बाया त्याच हिरीवर. आमी काय म्हणत होतो? काहीच नाई. आमी घरीच होतो ना!

सुरभीनं पह्यल्याच सभेत सांगतलं, "माह्या काळात तहकूब सभा होणार नाई. लोक येईलोक मी बसतो." आन् बसे! एक बार दुपारपासून दिवा लागेलोक बसली. मी डब्बा घेऊन गेलतो.

तं महादेवराव. निवडणुकीनंतर वर्षभर माणूस आमच्या दारातून जाताना दुसरीकडं पाहे. आन् एक दिवस काय झालं माईत नाई, एकदम घरी आले, खाटेवर बसले, डोळे ओले करून म्हणे, "रूपराव, झालं गेलं जाऊ द्या. सुरभी मले पोरीसारखी. तिच्या लग्नाचं काही पाह्यलं का नाई?" मले तं भरूनच आलं राजेहो! म्हणलं, माणूस सुधारला. आन् त्या दिवसापासून जे स्थळं आणाले लागला माणूस... पह्यलं आणलं पुलगावचं. पोरगी म्हणे, "बाबा, मार्च एंड हाय." मंग अमरावतीचं आणलं. पोरगी म्हणे, "बाबा, ऑडिट हाय." मंग म्हणे सुरतचा पोरगा हाय, कपड्याच्या धंद्यात. मंग इंदूरचा. मी शकुबाईले म्हणलं, "पाय, केवढी वळख हाय महादेवरावाईची! पार मध्यप्रदेशात!" मले कवतिक वाटे. खरंच वाटे. दर खेपेले पोरगी अजून दूर जाऊन राह्यली, हे काही माह्या डोस्क्यात आलं नाई.

आन् तुमी म्हणान, रूपराव, बापाले घाई कायची? तं हाय घाई. बापाच्या मनातलं बापालेच माईत. पोरीचे वर्ग, नंबर, निवडणूक, सारं ठीक हाय, पण रस्त्यानं चाललो का कोणीतरी इचारतेच, "मंग, यंदा बार उडवता का नाई?" अठ्ठावीस सरून राह्यलं. शकुबाई मनातल्या मनात झुरते. खुर्ची पाच वर्षांची. पाच वर्षं झाली का लोक दुसऱ्याच्या दारात जातीन वाघ सांगाले. मंग माह्या पोरीले कोण? मी काय जन्माले पुरणार हाव? हे सारं मले येते मनात, आन् हे कोणत्या ठरावात लिवता येत नाई.

मंग आलं आष्टीचं स्थळ. हेबी महादेवरावाईनंच आणलं. पोरगा धनंजय, जनावराचा डॉक्टर, सरकारी नोकरी, हुंडा नको, देणंघेणं नको. मी चुपचाप जाऊन पाहून आलतो, आष्टीच्या बाजारात एका बुढीची शेळी तपासून राह्यला होता, आन् शेळीसंगं असा बोले, "काय झालं माय तुले, पोट दुखते?" मले तिथंच आवडला पोरगा. शकुबाई म्हणे, "अवो, हे स्थळ गेलं तं मी जेवणार नाई." तारीख ठरली दोन ऑक्टोबर. पोराले सुट्टी. मी खुश! आन् दोन ऑक्टोबरले ग्रामसभा असते हे मले कसं माईत असन? मी जनमात कधी गेलतो का ग्रामसभेले? आदल्या दिवशी संध्याकाळी पोरीले सांगतलं, तं कपाळाले हात लावला तिनं. "बाबा, उद्या ग्रामसभा हाय." "किती घंटे?" "लोक आले तं एक घंटा." "आन् नाई आले तं?" तं म्हणते, "येईलोक."

आली ना पंचाईत! सकाळी पाव्हणे हजर. पोराचे वडील किसनराव, टोपी, करडा आवाज, पोराची मावशी, पोरगा, आन् मधात मध्यस्थ म्हणून महादेवराव, इस्तरीचे कपडे घालून. पोहे झाले. चहा झाला. यंदा पाणी कसं हाय ते झालं, सोयाबीनले शेंगा कशा हायेत ते झालं. परत चहा झाला. किसनराव घड्याळ पाहून म्हणे, "पोरगी... तयार होऊन राह्यली काय?" मी म्हणलं, "हो हो, होतच हाय," आन् मागच्या दारानं सुटलो!

ग्रामपंचायतसमोर मांडव. खुर्चीवर पोरगी, बाजूले ग्रामसेवक, एक-दोन मेंबर, समोर जिजाबाई न् तिच्या गटातल्या बाया, आन् बाकी सतरंजी रिकामी. मी जवळ जाऊन हळूच म्हणलं, "बेटा, माणसं आली." तिचा चेहरा खुलला, "किती हायेत?" म्हणलं, "चार." "चार कशे बाबा?" म्हणलं, "पाव्हणे चार." तं म्हणते, "पाव्हणे नाई बाबा, मतदार किती?" हे पाहा! बाप काय बोलून राह्यला, पोरगी काय आयकून राह्यली! म्हणलं, "अवं, आजच्या दिवस कर ना तहकूब! वीस वर्षं तहकूब होत आली, गाव बुडलं नाई." तं जिजाबाई उठली. "रूपरावभाऊ, तुमचं नाई बुडलं. आमच्या पुऱ्यात लाईन आज मंजूर झाली तं येणार. आज तहकूब केली आन् मागून महादेवरावाईच्या साळ्यानं वांधा काढला, का ठराव चार माणसाईत केला, तं परत हिरीवर आमीच ना?" तिच्या हातात घागरीचे घट्टे होते, मले दिसले. मी म्हणलं, थांबा, मी आणतो माणसं.

आन् इथं चुकलो. मी गावभर पळालो, राजेहो, ये दारात, त्या दारात, धोतराचा सोगा हातात, आन् वरडलो काय? "अरे चाला बापा चाला, लवकर चाला, पाव्हणे येऊन बसले, पोरगी अडकून राह्यली!" आता तुमी सांगा, आमच्या गावात पोरगी पाहाले पाव्हणे आले म्हणल्यावर माणूस कुठं जाईन? ग्रामसभेले? आमच्याइथं पोराले पाहाले काही आवतन नाई लागत! बाया हात पुसत निघाल्या, बुढे काठ्या घेऊन निघाले, ज्याईनं जनमात मतदानाशिवाय पाय नाई उचलला ते निघाले. मले वाटलं, वा रूपराव! काय वजन हाय तुह्यं! मी धापा टाकत मांडवात आलो, म्हणलं, "बेटा, आख्खं गाव येऊन राह्यलं." आन् पाहतो तं सतरंजी तशीच. माशी नाई. तितक्यात शकुबाईचा फोन. "अवो, घरात पाय ठेवाले जागा नाई! सारं गाव आलं! पोहे सरले! एक बुढी त्या पोराले इचारते, दात खरे हायेत का म्हणून!"

म्हणजे कोरम झाला राजेहो! पण माह्या घरी!

सुरभीनं मले पाह्यलं. रागवन असं वाटलं. तं हासली. उठली आन् चालत घराकडं निघाली. मागं जिजाबाई, मागं बाया, मागं मी. घरी गेलो तं आंगण भरलेलं. पाव्हण्याईनं तिले पाह्यलं, किसनराव सावरून बसले, मावशीनं पर्स उघडली, हातावर काही ठेवाले असन. हिनं पाव्हण्याईले वाकून नमस्कार केला, चांगला केला, खोटं नाई सांगत, आन् सरळ होऊन गावाकडं पाहून म्हणे, "आले ना सारे? बरं झालं. चाला आता मांडवात. पाव्हण्याईनंबी या, मागं सतरंजीवर बसा." आन् निघाली बी! गाव उठलं. पाव्हणे काय करतीन, तेबी उठले. किसनराव टोपी सावरत, महादेवराव कपाळाले आठ्या घालून. पोरगीच पोराले घेऊन चालली राजेहो, तेबी ग्रामसभेले! सरपंचाच्या बापाले हेबी पाहा लागते.

सभा झाली. मी पह्यल्यांदा बसून पाह्यली. पोट्टी काय बोलते! आवाज चढवत नाई. एकानं इचारलं, दुसऱ्यानं इचारलं, महादेवरावाईच्या साळ्यानं तीन बार अडवलं, हिनं तिन्ही बार त्याले "काका" म्हणलं आन् तिन्ही बार खाली बसवलं. नळाची लाईन पलीकडच्या पुऱ्यापासून सुरू कराची, हात वर करा म्हणलं, हात वर झाले. मीबी केला. माह्या हाताकडं मीच पाहून राह्यलो, हे काय राजा, वर कसा गेला? जिजाबाईनं डोळे पुसले. आन् मागं पोरगा, धनंजय, मांडी घालून बसलेला, तोंड उघडं टाकून पाहून राह्यला होता.

सभा सरता सरता किसनराव उठले. आपल्याच बैठकीत असल्यासारखे म्हणे, "पोरगी आमाले पसंत हाय. इथंच सुपारी फोडू. फक्त एक बोलणं हाय. लग्नाच्या आंधी राजीनामा. दिवाळीपयलेच. आमची सून दुसऱ्या गावाची सरपंच, आन् राह्यणार आष्टीले, हे कसं जमन?" आता त्याईचं काय चुकलं? लग्न होऊन पोरगी आष्टीले गेली तं वडधऱ्याची सरपंच कशी राह्यन? सारा मांडव चूप. शकुबाई मले खुणावते, हो म्हणा, हो म्हणा. आन् त्या चुपचापात महादेवराव ग्रामसेवकाकडं वाकले आन् म्हणे, "मंग साहेब, राजीनामा झाल्यावर पोटनिवडणूक किती दिवसात लागते हो?"

हळूच म्हणलं त्याईनं. पण चूप होतं ना सारं. साऱ्याईले आयकू गेलं.

आन् मंग माह्या डोस्क्यात लाईट लागली, राजेहो! पुलगाव... अमरावती... सुरत... इंदूर! हा माणूस माह्या पोरीचं लग्न नव्हता लावून राह्यला, हा तिले खुर्चीवरून उतरवून राह्यला होता, तेबी माह्याच हातानं, माह्याच आंगणात, माह्याच पोह्याईवर! अविश्वास ठराव आणाले मेंबर लागते, गाव लागते, कन्यादानाले फक्त बाप लागते. आन् बाप तं तयारच होता!

सारे माह्याकडं पाहून राह्यले. सुरभी नाई. ते टेबलाकडं पाहून राह्यली होती. मी उठलो. मी कधी सभेत बोललो नाई. पोरगा मागं बसलेला, चांगला पोरगा, शेळीले माय म्हणणारा पोरगा. सोडवत नव्हता मले तो. म्हणलं, "किसनराव, पाव्हणे हा तुमी, राग नका मानू. पोरीचा हात पायजे तं मले मांगा. मी देतो, आनंदानं देतो. सरपंचाचा राजीनामा पायजे तं गावाले मांगा, तो माह्या हातात नाई. पण दोन्ही एका सुपारीत नाई फुटत." बस. एवढंच बोललो. खाली बसलो तं जिजाबाईनं टाळी वाजवली, मंग साऱ्याईनं. आन् शकुबाई... ते रडत उठून घरी गेली. त्या टाळ्या काही मले गोड लागल्या नाई, राजेहो. मी तिच्या मागं गेलो.

किसनराव रागात गाडीत बसले. महादेवराव कुठं गेले ते दिसलेच नाई. पोरगा मांगं राह्यला, आमच्या दारात आला. म्हणे, "काकाजी, टर्म कवा सरते?" म्हणलं, "हाय अजून दोन वर्षं." म्हणे, "थांबतो म्हणलं तं चालन का?" म्हणलं, "मले नको इचारू बाबू, तिले इचार. नंबर देऊ?" तं म्हणते, "हाय माह्यापाशी. ग्रामपंचायतच्या भिंतीवर लिवला हाय ना, तक्रारीसाठी."

आता हप्त्यातून एखाद बार फोन येते त्याचा. मी एक दिवस कान देला, बाप हाव, देणारच. म्हणलं, काही गोडधोड बोलत असतीन. तं हे म्हणते, "तीन इंची पाईप टाकला," आन् तो म्हणते, "चार इंची टाकाचा होता." पण बोलता बोलता हासते. शकुबाई आता जेवते, भाजीत मीठ पडते. मी म्हणलं, चला, दोन वर्षं तं दोन वर्षं. म्हणून परवा पोरीले म्हणलं, "बेटा, टर्म सरली का मंग उडवू ना बार?" तं म्हणते, "बाबा, पुढच्या टर्मची सोडत तं निघू द्या." सोडत म्हणजे ते चिठ्ठ्या काढते ना तहसीलले, कोणत्या गावाची सरपंचकी महिलेले आन् कोणत्या गावाची नाई ते. महिलेची निघाली तं हे परत उभी राह्यन. नाई निघाली तं लग्न. आता हे त्या पोराले कोणत्या तोंडानं सांगू? लोक पोरीच्या लग्नाले पत्रिका पाहते, आमी सोडत पाहून राह्यलो!

मंग मी ठरवलं, आता माणसाईच्या हातात काही नाई, देवाले गाठाचं. चतुर्थीले केळझरच्या गणपतीले नारळ घेऊन निघालो. मनात नवस पक्का... देवा, यंदाची चिठ्ठी महिलेची नको निघू देजो. तं पोरगी म्हणे, "बाबा, मीबी येतो," आन् मले गाडीवर मागं बसवून घेऊन गेली. टेकडी चढता चढता माह्ये गुडघे बोलाले लागले. देवापुढं दोघं उभे राह्यलो. मी नारळ ठेवलं, हात जोडले, बोलणार तेवढ्यात बाजूले पाह्यलं. पोरगी डोळे मिटून उभी. ओठ हालून राह्यले. काय मांगत होती ते आयकू नाई आलं, पण चेहऱ्यावरून मले कळलं, आन् जे पाठ करून गेलतो ते सारं गळ्यातच राह्यलं. तोंडातून निघालं काय? तं "देवा, हिच्या मनासारखं होऊ दे."

पायऱ्या उतरताना म्हणे, "बाबा, तुमी काय मांगतलं?" म्हणलं, "काई नाई, चाल." आता सांगा राजेहो, नारळ माह्यं, नवस माह्या, गुडघे माह्ये... आन् ठराव पास झाला तो तिचा. तेबी बिनविरोध!